‘३०४’ म्हणून गळ्यात मारलेला सायलेन्सर: पद्मिनीवाल्यांनो, जपून

प्रीमियर पद्मिनी रिस्टोअर करायला काढली असेल आणि कोणी ‘३०४ स्टेनलेसचा सेट, पुन्हा बघायला नको’ म्हणत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. (३०४ म्हणजे जास्त निकेलचं, सहजी न गंजणारं स्टेनलेस.) माझे एकवीस हजार गेले. तक्रार चालू आहे म्हणून विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, पण त्याची पद्धत सांगतो.

काळ्या-पिवळ्या धावत होत्या तोवर मुंबईत पद्मिनीचा सायलेन्सर ही शोधायची वस्तूच नव्हती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. गिऱ्हाईक उरलं ते आमच्यासारखं हौशी, आणि हौशी माणसाला भाव सांगताना कोणाची जीभ अडखळत नाही.

माल घेऊन हा गृहस्थ स्वतः गॅरेजवर आला. खिशातून लोहचुंबक काढला, चकचकीत डब्याच्या मधोमध टेकवला. चुंबक खाली पडला. “बघा साहेब, हातच्या कांकणाला आरसा कशाला?” खेळ इथेच होता. स्वस्तातल्या २०० मालिकेच्या स्टेनलेसलाही लोहचुंबक चिकटत नाही. ३०४ मध्ये निकेल आठ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असतं. २०० मालिकेत ते कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. दिसायला तेच, गंजायला लवकर. उलट गाड्यांच्या कंपन्या एक्झॉस्टसाठी सर्रास वापरतात त्या ४०९ स्टेनलेसला चुंबक चिकटतो. म्हणजे चुंबकावरून ३०४ सिद्ध होत नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तोच चुंबक डब्याच्या अंगावरून सरकवत नेला असता, तर आतले पडदे जिथे पत्र्याला टेकतात तिथे ओढ लागली असती. आत सगळा साधा लोखंडी पत्रा होता.

बसवताना पुढच्या पाइपच्या फ्लँजची, म्हणजे बोल्ट लावायच्या जोडपट्टीची, भोकं जुळेनात. फोन केला तर म्हणाला, “जुन्या गाडीचं माउंटिंग खचतंच साहेब. भोकं जरा लांबवून घ्या. आणि जोड वेल्ड करून टाका, लीकची कटकट नको.” आमचे मिस्त्री कुरकुरले. त्यांची पद्धत अशी की जोड एकात एक सरकणारे हवेत, अख्खी लाइन आधी सैल टांगायची, कुठे घासत नाही ना ते बघायचं आणि मग इंजिनाकडून मागे क्लॅम्प आवळत जायचं. उद्या डबा बदलायचा झाला तर क्लॅम्प सोडला की निघतो. पण माल बनवणाराच सांगतोय म्हटल्यावर त्यांनी कानस घेतली. पुढे माल परत घ्यायची वेळ आली तेव्हा याच सल्ल्याचा अर्थ कळला: “तुम्ही भोकं वाढवलीत, वेल्डिंग केलंत, आता माझी जबाबदारी नाही.”

पावसाळा संपता संपता टेलपाइपमधून तांबूस पाणी ठिबकू लागलं. नुसतं पाणी आलं तर घाबरू नका. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं, आणि छोट्या फेऱ्यांत डबा पुरेसा तापत नाही म्हणून ते आत साचतं. रंग मात्र वाईट. डबा कापला, तर आतल्या भोकाभोकाच्या नळीचा हात लावताच भुगा झाला. बाहेरच्या पत्र्याचा तुकडा प्रयोगशाळेत तपासला. निकेल जेमतेम एक टक्का.

त्याच सेटमधला बिडाचा मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग) ‘कंपनीचा, न वापरलेला’ म्हणून दिला होता. धगीने चंदेरी रंग उडाला आणि खाली भराव घालून बुजवलेली चीर दिसली. थंड इंजिनावर टिकटिक आवाज यायचा, तापल्यावर बंद व्हायचा, म्हणून पॅकिंगवर संशय जात राहिला. हा प्रकार मला सायलेन्सरपेक्षा गंभीर वाटतो. जुन्या पद्मिनीचा खालचा पत्रा ठिकठिकाणी खाल्लेला असतो. गळणारा धूर केबिनमध्ये शिरला तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग.

मला मिळालेली पावती कच्ची, तिच्यावर फक्त ‘सायलेन्सर सेट १’. तुम्ही पक्क्या बिलावर ‘एसएस ३०४, आतील भागांसह’ एवढं लिहून मागा. लिहायला का-कू केली की समजा. गाडीला हात लावण्याआधी फ्लँज जुळवून बघा, फोटो काढा, कडेचा लहानसा तुकडा तपासून घ्या. भंगारवाल्यांकडे मँगनीज ओळखणारं थेंबाचं रसायन असतं, तेवढ्यानेही २०० मालिका बहुधा पकडली जाते. न जुळणारा माल कानस न लावता परत पाठवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.

माझ्या गाडीला सध्या मिस्त्रींनी करून आणलेला ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या साध्या पत्र्याचा डबा आहे, क्लॅम्पवर बसवलेला. किंमत त्या सेटच्या पाव हिश्शाहून कमी.