एरिऑनची सुरुवात कुठून करावी: ‘इलेक्ट्रिक कॅसल’ की ‘ह्यूमन इक्वेशन’?

नेदरलँड्सचा संगीतकार आर्येन लुकासेन एरिऑन या नावाने अल्बम काढतो, पण ठरलेला असा बँड त्यामागे नसतो. चाली त्याच्या, गिटार त्याची, कीबोर्डही बऱ्याच ठिकाणी त्याचाच. ड्रमवर बहुतेक वेळा एड वॉर्बी. बाकी सगळे पाहुणे. सिंफनिक प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या, वाद्यवृंदाच्या थाटाच्या रचनांचं रॉक, ऐकणाऱ्या कुणी तुम्हाला एरिऑन सुचवला असेल, तर त्याने दोनांपैकी एक नाव घेतलं असण्याची शक्यता जास्त: १९९८चा ‘इंटू द इलेक्ट्रिक कॅसल’ किंवा २००४चा ‘द ह्यूमन इक्वेशन’. दोन्ही डबल अल्बम, दोन्ही शंभर मिनिटांच्या वरचे, आणि दोन्हींत पाहुण्यांची भलीमोठी यादी. एवढा वेळ द्यायचा तर आधी कोणता घ्यावा, हा प्रश्न रास्तच आहे.

यादी बघून ठरवू नका. पाहुण्यांना काय काम दिलंय ते बघा, कारण खरा फरक तिथे आहे.

‘कॅसल’मध्ये वेगवेगळ्या काळांतली आठ माणसं काळाबाहेरच्या एका जागी येऊन पडतात आणि एक अनोळखी आवाज त्यांना किल्ल्याकडे चालायला लावतो. शूर सरदार, रोमन सैनिक, इजिप्तची स्त्री, हिप्पी, भविष्यातला माणूस. हिप्पी स्वतः लुकासेन. प्रत्येकाला आपापला सूर असल्यामुळे संगीतही सारखं कपडे बदलत राहतं. लोकसंगीताच्या वळणाचा एक तुकडा संपतो न संपतो तोच जड गिटार येते, मग मूग सिंथेसायझरची लांब तान, मधूनच सतार. बासरीवर फोकस बँडचा थाइस व्हान लीर, कीबोर्डवर कायाक बँडचा टॉन शेर्पेनझील आणि क्लाइव्ह नोलन. मेलोट्रॉन या वाद्यात कळ दाबली की टेपवर आधीच मुद्रित केलेली व्हायोलिनं वाजतात. इथे ते आहे आणि खरं व्हायोलिन आणि चेलोही आहेत. सत्तरच्या दशकातला हॅमंड ऑर्गन आणि मेलोट्रॉनचा आवाज ज्यांच्या कानात बसलाय, त्यांना ‘आयसिस अँड ओसायरिस’ची अकरा मिनिटं घरी परतल्यासारखी वाटतील.

अडचण दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे सूत्रधार, तोच अनोळखी आवाज. पीटर डाल्ट्री त्याचं निवेदन नाट्यमय, भारदस्त स्वरात करतो आणि पहिल्यांदा ऐकताना मजा येते. पण हे निवेदन गाण्यांनाच जोडलेलं आहे, त्यामुळे दहाव्यांदा ऐकतानाही ते ऐकावंच लागतं. दुसरी अडचण फिशच्या चाहत्यांची. मारिलियन बँडमधून आलेला हा गायक इथे हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला माणूस, आहे आणि त्याची भूमिका पहिल्या डिस्कमध्येच संपते. केवळ त्याच्यासाठी हा अल्बम घेणार असाल तर हिरमोड होईल. आनेके व्हान गिअर्सबर्गनचं ‘व्हॅली ऑफ द क्वीन्स’ मात्र लहानसं असूनही मनातून जात नाही.

‘ह्यूमन इक्वेशन’ची गोष्ट एका खोलीत घडते. गाडीला अपघात होऊन एक माणूस कोमात आहे, उशाशी बायको आणि जिवलग मित्र आहेत. वीस गाणी म्हणजे वीस दिवस. तो माणूस म्हणजे गायक जेम्स लाब्री, बायको मार्सेला बोव्हिओ, मित्र लुकासेन. उरलेले बहुतेक पाहुणे त्याच्या डोक्यातल्या भावना आहेत, आणि ही कल्पना मला आजही थक्क करते. ओपेथ बँडचा मिकाएल ओकरफेल्ट भीती, एरिक क्लेटनचा खर्जातला आवाज विवेक, हेदर फिंडले प्रेम, डेव्हन ग्रेव्हज यातना, डेव्हिन टाउनसेंड संताप. ‘कॅसल’मध्ये रोमन आणि सरदार यांच्या गायकांची अदलाबदल केली असती तरी गोष्ट फारशी हलली नसती. इथे आवाजाचा पोत हीच भूमिका आहे. क्लेटन बोलायला लागला की शब्द कळण्याआधीच धीर येतो. टाउनसेंडने तर आपल्या ओळी स्वतःच लिहिल्या आहेत.

सोळाव्या दिवसाचं ‘लूझर’ ऐका. डिजरीडू या ऑस्ट्रेलियन आदिवासींच्या लांब नळीच्या वाद्याच्या घुमण्यावर गाणं उभं राहतं, शॅडो गॅलरी बँडचा माइक बेकर बापाच्या तोंडून मुलाला हिणवत जातो, युराया हीप बँडचा केन हेन्सली हॅमंड ऑर्गनवर तुटून पडतो आणि शेवटी टाउनसेंडचा आक्रोश. बेकरची भूमिका मुख्यतः या एका गाण्यापुरती आहे, पण त्या बापाची सावली मागच्या पंधराही दिवसांवर पडते. पाहुणा कलाकार वापरायचा तो असा.

मेटल, म्हणजे जड गिटारचं कर्कश रॉक, अजिबात सोसत नसेल तर मात्र ‘कॅसल’कडेच वळा. तिथे मृत्यू या पात्राच्या तोंडचं गुरगुरणं थोडक्यात आटोपतं. ‘इक्वेशन’मध्ये गिटारचा भार जास्त आहे, किंकाळ्याही जास्त. शिवाय तो शब्द समोर ठेवून ऐकावा लागतो. दुसरं काम करता करता ऐकलात तर कोण कुणाशी बोलतंय तेच कळणार नाही. ‘कॅसल’ तेवढी मागणी करत नाही. मधलं एखादं गाणं सुटं ऐकलं तरी चालतं. घेताना एवढं बघा की त्याचं २०१८मध्ये विसाव्या वर्षानिमित्त नवं मिश्रणही (रिमिक्स) आलंय, म्हणजे मूळ आणि नवं अशा दोन आवृत्त्या मिळतात.

कुणी २०१३चा ‘द थिअरी ऑफ एव्हरीथिंग’ही सुचवेल. कीबोर्डवादक कीथ इमर्सन, रिक वेकमन, जॉर्डन रुडेस आणि गिटारवादक स्टीव्ह हॅकेट एका अल्बमवर, हे आमिष मोठं आहे. पण चार लांबलचक भाग, त्यांत बेचाळीस तुकडे, आणि हे दिग्गज बहुतेक सोलोपुरते येऊन जातात. तो तिसरा ठेवा.

माझं मत विचाराल तर ‘ह्यूमन इक्वेशन’ आधी. एका बैठकीत संपवायची गरज नाही: पहिली डिस्क अकराव्या दिवसाच्या ‘लव्ह’वर थांबते, तिथे तुम्हीही थांबा आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी ऐका. शेवटी एक धक्का आहे, तो आधी कुठे वाचू नका.

२०१५ साली रॉटरडॅममध्ये हा अल्बम ‘द थिएटर इक्वेशन’ नावाने रंगमंचावर आला. बेकर २००८ मध्ये गेला होता, बाप माइक मिल्सने उभा केला. भीतीच्या जागी ओकरफेल्ट नव्हता, ‘कॅसल’मधली इजिप्तची स्त्री होती, आनेके. आवाजाचा पोत हीच भूमिका असं मी वर म्हटलं, तरी तिची भीती मला पटली: ओकरफेल्टची अंगावर येते, तिची कानाशी येऊन बसते. दोन्ही अल्बम ऐकून झाले की त्या प्रयोगाचं चित्रण मिळवून बघा.