मास्टर्स संपलं: आधी युरोप की थेट रत्नागिरी?

आतेबहिणीचं म्युनिकचं मास्टर्स मेमध्ये संपतंय, आणि आधी युरोप फिरावं की थेट रत्नागिरीला घरी यावं, हाच तिचा घोळ चाललाय. तिला माझं सांगणं असं.

व्हिसाचं बघ. जर्मन रेसिडेन्स परमिट चालू असताना इतर शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. भारतातून नंतर जायचं तर पुन्हा अर्ज, बँक स्टेटमेंट, अपॉइंटमेंटची वाट. खर्चातही युरोपच स्वस्त: जादा विमानभाडं नाही, शिवाय तिथल्या रहिवाशाला युरोपभर रेल्वेने फिरायचा इंटररेल पास मिळतो. सामान मात्र छळतं. खोली सोडल्यावर दोन मोठ्या बॅगा ठेवणार कुठे?

घराचं पारडं आंब्यामुळे जड. जूनमध्ये पाऊस लागला की हापूस आटोपला.

नोकरी शोधायला १८ महिन्यांच्या परमिटवर जर्मनीतच राहणार असशील, तर आधी घरी जा. कायमची परतणार असशील, तर आधी फिरून घे. आत्या चार दिवस रुसेल, एवढंच.