रिकॉम्बिनंट ह्यूमन आयएल-१०: सात-आठ महिने वापरून

आमची लॅब बेळगावातली. काम मुख्यतः खानापूर भागातल्या वनस्पतींच्या अर्कांवर: भिरंड (कोकम), गुळवेल, हिरडा. टीएचपी-१ पेशींना (लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी) पीएमए हे रसायन देऊन मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, करायचं, एलपीएसने (जीवाणूंच्या आवरणातला घटक) चिडवायचं आणि टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारं प्रोटीन किती सुटतं ते एलायझावर (रंगावरून प्रोटीन मोजायची चाचणी) बघायचं. खात्रीचा पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे दाह नक्की कमी करणारं काहीतरी तुलनेला हवं, म्हणून रिकॉम्बिनंट (जीवाणूंकडून बनवून घेतलेलं) इंटरल्यूकिन-१० घेतलं; आयएल-१० ते हेच, शरीरातलं दाह शमवणारं प्रोटीन.

काम चोख करतं. एलपीएसच्या तासभर आधी १० नॅनोग्रॅम प्रति मिली दिलं, तर एलायझात त्या वेल्सचा (प्लेटमधल्या खळग्यांचा) पिवळा रंग इतका फिका येतो, म्हणजे टीएनएफ इतका कमी, की प्लेट रीडरमध्ये घालायच्या आधीच कळतं.

हे ई. कोलाय या जीवाणूत बनवलेलं आहे. त्याला नाक मुरडायचं कारण नाही. जीवाणू प्रोटीनला साखरेच्या साखळ्या जोडत नाहीत, पण माणसाच्या आयएल-१० वर तसाही साखरेचा साज नसतो. १६० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या जोडीने काम करतात, बस्स. पण ई. कोलाय म्हटलं की एंडोटॉक्सिन (म्हणजे तेच एलपीएस) आलंच, आणि इथे खरी मेख आहे. पेशींना आधी थोडं एलपीएस मिळालेलं असलं, तर पुढच्या खेपेला त्या टीएनएफ कमीच सोडतात. म्हणजे अशुद्ध प्रोटीनही तुम्हाला छान 'दाहशामक' आकडे देऊ शकतं! म्हणून प्रत्येक नवीन लॉट (उत्पादनाची खेप) आला की थोडं प्रोटीन ९५ अंशांवर तापवून शेजारच्या वेल्समध्ये घालतो. प्रोटीन तापून निकामी होतं, एलपीएस तेवढ्याने मरत नाही. तापवल्यावर परिणाम गेला तर तो प्रोटीनचाच होता. आमच्याकडे आलेले लॉट यात पास झाले.

तक्रार आहे ती डेटाशीटबद्दल (कंपनीचा माहितीचा कागद). सक्रियतेचा आकडा उंदराच्या एमसी/९ पेशींच्या वाढीवरचा दिलाय. टीएचपी-१ वाल्याला त्याचा उपयोग शून्य, मात्रा स्वतःच ठरवावी लागते. कंपनीला विचारलं तर तीच शीट परत पाठवली.

पावडर स्वरूपात येतं, त्यामुळे कुरियरवाल्याने शनिवार-रविवार ठेवून घेतलं तरी जीव खालीवर होत नाही. पुड इतकी कमी की कुपी रिकामीच वाटते. उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, नाहीतर अर्धी झाकणाला जाईल. १० मायक्रोग्रॅमला १०० मायक्रोलिटर द्रव, त्यात ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) असू द्या, नुसतं बफर घातलं तर प्रोटीन प्लास्टिकलाच चिकटतं. व्होर्टेक्सवर (जोरात ढवळणारं यंत्र) घालू नका. मग १०-१० मायक्रोलिटरचे भाग करून गोठवा, एक भाग एकदाच वितळवायचा. आमच्याकडे वळवाच्या पावसात वीज जाते तेव्हा फ्रीझरला जनरेटर नसेल तर मोठा पॅक घेऊच नका.

भिरंडाच्या अर्काबद्दल खास सांगायचं तर तो आंबट. आम्लात आयएल-१० ची जोडी सुटते आणि काम थांबतं. अर्काचा पीएच सातच्या आसपास आणल्याशिवाय दोन्ही एका नळीत मिसळू नका. आणि आयएल-१० घातलेल्या वेलमधून आयएल-१० चाच एलायझा करू नका; घातलेलंच मोजाल.

एका काकांनी विचारलं, "संधिवाताला चालंल काय हे?" नाही हो काका, हे फक्त लॅबसाठी! क्रोन्सच्या (आतड्याच्या दाहाचा आजार) रुग्णांवर आयएल-१० च्या चाचण्या झाल्या होत्या, पण अपेक्षेइतका गुण आला नाही.

नुसतं अर्क चाळायचं काम असेल तर डेक्सामेथासोन हे दाहशामक स्टेरॉइड स्वस्तात भागवतं. तुमचा अर्क स्टॅट-३ च्या (आयएल-१० चा निरोप पेशीत पोचवणारं प्रोटीन) वाटेने जातो का हे ताडून बघायचं असेल तरच यावर पैसे घाला, तेही लहान पॅकवर.