बाबांची पेटी (हार्मोनियम) दुरुस्तीला टाकली होती, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, दुकानाला पाटी नाही. जुन्या नाशकात, रविवार कारंज्याच्या मागच्या गल्ल्यांमध्ये 'पेटीवाले काका' म्हणून विचारा, दोनदा चुकाल, तिसऱ्यांदा सापडेल. गाडी आत नेऊ नका. मी रिक्षा नेली आणि अर्धा तास एका टेम्पोच्या मागे अडकून बसले, मांडीवर पेटी.

पेटी बाबांची. शरणपूरला चर्चमध्ये आणि घरोघरच्या प्रार्थनासभांना त्यांनी तीसेक वर्षं वाजवली, दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि पेटी माळ्यावर गेली. नंतर कुणी काढली नाही, खरं तर मीच काढू दिली नाही. मग या जानेवारीत आईला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही. समजतं सगळं, पण पाणी पाहिजे असलं तरी नुसतं "हं हं" आणि मग चिडचिड. स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या की तोंडपाठ असलेलं गाणं म्हणून बघा, बहुतेकांचं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, पण गाताना उजवी बाजूही कामाला येते, त्यामुळे बोलता न येणारी माणसं कधीकधी गातात. मी मान हलवली, विश्वास शून्य. त्या रात्री तिची उशी सारखी करताना रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन सहज गुणगुणले तर आईनं पुढची अख्खी ओळ म्हटली, शब्दांसकट! मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर ट्रॅक लावला, नाही जमलं. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही ना, आई एका शब्दाला अडली की गाणं पुढच्या कडव्यात. पेटी थांबते. म्हणून ती माळ्यावरून काढली.

भात्याचं कापड उंदरांनी कुरतडलेलं, चामडं वाळून कडक, चार पट्ट्या दाबल्या की वरच येत नाहीत. मला वाटलं काका म्हणणार नवी घ्या. त्यांनी झाकण काढलं, फुंकर मारली आणि म्हणाले, "ताई, सूर पालिताण्याचे आहेत, हे बदलायचे नाहीत. डबल सूर, खर्ज-नर. नुसती घाण बसलीये." सूर म्हणजे आतली पितळी पाती, डबल म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन, एक खालच्या खर्जाचं आणि एक त्यावरचं नर. पालिताणा म्हणजे गुजरातचं, पेटीचे सूर तिथलेच नावाजलेले, हे मला तिथेच कळलं. बेसूर झालेलं पितळी पातं ते कानसीनं घासतात, टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. मी स्टुलावर बसून तासभर तेच बघत होते, चहा दोनदा आला.

मग खरी गोष्ट. मी विचारलं की आई पूर्वी 'काळी चार'मध्ये (म्हणजे चौथी काळी पट्टी सा धरून) गायची, आता आवाज खाली गेलाय आणि मला एकाच पट्टीतनं वाजवता येतं, तर स्केल चेंजर (बोटं तीच ठेवून सूर वर-खाली सरकवता येणारी पेटी) घेऊ का? दुसरा कुणी असता तर वीस हजाराची पेटी गळ्यात मारली असती. काकांनी आईचं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "पांढरी चारवरनं वाजवा. ही चाल शुद्ध सुरांची आहे, फक्त मध्यम काळीवर जाईल, बाकी सगळं पांढरं." आणि माझं बोट धरून दाखवलं. नंतर विचारतात, हा अभंग कुणाचा, ऐकलेला नाही. म्हटलं ना. वा. टिळकांचा, 1895 साली ख्रिस्ती झाले ते, आपल्या इथल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंचे यजमान. "चाल तर आपलीच आहे," काका म्हणाले आणि स्वतःच एकदा वाजवली, बाबा घ्यायचे तशी शेवटची ओळ लांबवून. तिथे माझं काय झालं ते लिहीत नाही.

आता तक्रार. बारा दिवस सांगितले, तेवीस लागले. फोन उचलत नाहीत. तेवढ्यात पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले, बायबलमधलं स्तोत्र 13 वाचलं, ते सुरूच होतं 'कोठवर' पासून, जेमतेम सहा वचनं, आणि शेवटच्या वचनात तोच माणूस गाईन म्हणतो. मधे त्याचं दुखणं गेलं असं कुठेच लिहिलेलं नाही. हे मी शंभरदा तरी ऐकलं असेल पण पेटी दुकानात अडकलेली असताना पहिल्यांदा लक्ष गेलं. असो, काकांना तेव्हा मनात बऱ्याच शिव्या घातल्या.

बिल झालं 4,650, आधी 4,200 बोलले होते, वरचे चामड्याचे. रोखच घेतात. काम मात्र पक्कं, भाता आता एका दाबात कितीतरी वेळ हवा धरतो. एक स्टॉपर (पुढची ओढायची खुंटी) अजून घट्ट आहे, ते परत न्यायचंय. पाचपैकी चार, एक कापला तो फोनचा.

आई बरी झालेली नाही. हात तसाच आहे. रोज संध्याकाळी सातला तीन गीतं होतात, ती शब्दाला अडली की मी सूर धरून थांबते, कधी शब्द येतो कधी नाही, मग पुढची ओळ. परवा गीताशिवाय, नुसतंच, तिनं मला "खाली" म्हटलं. मी भलत्याच पट्टीतनं सुरू केलं होतं.

न्यायची असेल तर गाणाऱ्याचा आवाज रेकॉर्ड करून सोबत न्या, आणि दोघं जा, पेटी जड असते.