मुलांचा फिटनेस बँड: पावलं मोजतो, ताट नाही

मुलाच्या वाढत्या वजनासाठी मनगटी बँड घेणार असाल, तर तो नेमकं काय मोजतो ते आधी पाहा. चालण्याची नोंद बरी होते. सायकल चालवताना मात्र हात हँडलवर स्थिर असतो, त्यामुळे तासभराची मेहनत पावलांत जवळपास दिसतच नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सुचवते. म्हणून पावलांपेक्षा ‘सक्रिय मिनिटं’ दाखवणारा बँड निवडा.

झोपेची नोंद ही याची खरी जमेची बाजू. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास, १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप हवी. झोप कमी पडली की भूक वाढते, खेळायला त्राण राहत नाही, मग मूल स्क्रीनपुढे बसून खात राहतं. एक सवय दुसरीला ओढते ती अशी! पण निपचित पडून मोबाइल पाहणंही बँड कधीकधी झोपेत धरतो. आठवडाभर झोपेची वेळ वहीत लिहा आणि ताडून पाहा.

कॅलरींचा आकडा बंदच ठेवा. तो निव्वळ अंदाज असतो आणि त्यापायी काही मुलं जेवण टाळू लागतात, हे फार वाईट. गोड पेयं, टाळलेली न्याहारी, स्क्रीनचा वेळ यातलं बँडला काहीच कळत नाही. तेही त्याच वहीत लिहा. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) मोठ्यांच्या तक्त्यावर नको, वय आणि लिंगानुसारच्या तक्त्यावर पाहा.