मचाणावर बसायला सेफ्टी हार्नेस: नागदेवी स्ट्रीटचा की अमेरिकेतला?

आधीच सांगतो, शिकारीशी आपला काही संबंध नाही. मित्राचं मुरबाडच्या पुढे शेत आहे, बांधावर जुना आंबा, त्यावर मचाण बांधलंय आणि समोरचा उंबर पिकला की हरियालची झुंबड उडते. खालून मान मोडेस्तोवर वर बघत फोटो काढण्यापेक्षा वर जाऊन बसलं की पक्षी डोळ्यासमोर येतात. मचाण जेमतेम बारा-चौदा फुटांवर, त्यामुळे घरचे-दारचे सगळे म्हणाले की एवढ्याशा उंचीला हार्नेस, म्हणजे पडलो तर धरून ठेवणारे अंगावरचे पट्टे, कशाला. आता बारा फुटांवरून पाठीवर पडलं तर मणक्याचं काय होतं ते कुठल्याही हाडांच्या डॉक्टरला विचारा. शिवाय पहाटे चारला उठून वर चढलेला माणूस नऊ वाजता डुलक्या घेतो, हे काय कोणाला वेगळं सांगायला नको.

झाडावर बसायचे खास हार्नेस मुळात अमेरिकेत हरणांच्या शिकाऱ्यांसाठी बनतात. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानं शिकारच बंद, मग दुकानदार तो माल ठेवणार कशाला. इथे मिळतो तो बांधकामावरचा फुल बॉडी हार्नेस, आणि तो घ्यायचा तर मुंबईतली नागदेवी स्ट्रीट. मस्जिद स्टेशनला उतरायचं, हातगाड्या आणि 'बाजू बाजू' ओरडणारे हमाल चुकवत चालत जायचं. रविवारी जाऊ नका, बंद असतं.

दुकानाचं नाव लिहीत नाही, असली दुकानं तिथे ओळीनं आहेत. करम, उद्योगी असे आपले भारतीय ब्रँड सगळीकडे दिसतात. पण या शेठनं मला बजेट विचारायच्या आधी विचारलं, "हाइट कितनी है?" तिथेच माणूस आवडला. माळ्याच्या लोखंडी तुळईला त्यानं एक हुक लावून ठेवलाय, म्हणाला पहनो और लटको. भर दुकानात, दोन पोरं हसतायत, आणि मी जमिनीपासून वीतभर वर लोंबकळतोय, पण जे काय कळलं ते त्या अर्ध्या मिनिटातच. मांडीचे पट्टे उभं असताना मस्त वाटत होते, लटकल्यावर असे काचले की बोलायची सोय नाही. पट्टा आणि मांडी यांच्यात सपाट हात कसाबसा जाईल पण मूठ जाणार नाही इतका आवळला, पाठीवरची डी-रिंग, म्हणजे दोरी अडकवायची कडी, दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये आणली, मग जरा माणसात आलो. लटकून बघू देत नसतील तर सरळ पुढच्या दुकानात जा.

बाहेर टांगलेला पीस घेऊ नका, उन्हानं पट्ट्याचा रंग उडालेला असतो आणि रंग उडालाय म्हणजे धागाही कमजोर झालाय. मला आधी तोच दाखवला, लेबलवरची तारीख पुसलेली. आतला पेटीबंद मागितला. लेबलवर आपलं भारतीय मानक आयएस ३५२१ किंवा युरोपचं ईएन ३६१ बघा, बनवल्याची तारीख बघा, आणि किती किलोपर्यंत चालतो ते बघा. बऱ्याच पट्ट्यांवर १०० किलो असतं, तुम्ही ८८ किलोचे असाल आणि गळ्यात मोठी लेन्स, पाठीला बॅग, तर हिशोब करा. आणि नुसता कंबरेचा सेफ्टी बेल्ट स्वस्त पडतो म्हणून अजिबात नको. पडलात की सगळा झटका कंबरेवर आणि पोटावर येतो, अमेरिकेत तर १९९८ पासून कामावर पडण्यापासून वाचवायला तो वापरायलाच बंदी आहे.

आता खरी गोची. हार्नेस सगळे बघतात, दोरी कोणी बघत नाही. सोबत जो लॅनयार्ड, म्हणजे हार्नेस अडकवायची दोरी, मिळतो तो शॉक अ‍ॅब्सॉर्बर धरून दोन मीटरपर्यंत असतो, म्हणजे बिल्डिंगच्या कामाचा. पडल्यावर त्या अ‍ॅब्सॉर्बरची शिलाई उसवत जाते आणि झटका ६ किलोन्यूटनच्या आत राहतो, साधारण सहाशे किलोचा भार समजा. चांगलीच गोष्ट आहे, पण उसवता उसवता तो पावणेदोन मीटरपर्यंत लांब होऊ शकतो. त्यात दोरी दोन मीटर, डी-रिंगपासून पायापर्यंत दीड मीटर, वर थोडी जागा हातची धरा, झाले सहा मीटरच्या वर, म्हणजे वीस फूट. आणि आमचं मचाण बारा-चौदा फुटांवर! म्हणजे पायाशी दोरी बांधून बसलो तर हार्नेस अगदी नियमानुसार काम करेल, फक्त त्याच्या आधी मी जमिनीवर पोचलेला असेन.

त्यामुळे छोटा लॅनयार्ड घ्या. शेठकडे नव्हता, एक मीटरचा अ‍ॅब्सॉर्बरवाला मागवून दिला, आठवडाभर लागला. दुकानातला पोऱ्या म्हणत होता लंबावाला लो, गाठ मार दो. तसलं काही करू नका, गाठीनं दोरीची ताकद बरीच कमी होते. आणि बांधायचा तो डोक्याच्या वर, बसल्यावर जवळजवळ ताणलेला राहील असा, म्हणजे घसरलात तरी फार खाली जाणार नाही. बांधायचा जिवंत जाड खोडाला, फांदीला नाही. शेवगा, गुलमोहर असल्या ठिसूळ झाडांवर तर मचाणच नको.

अमेरिकेतून मावसभावानं आणलेला शिकाऱ्यांचा हार्नेसही वापरून पाहिला, बनियनसारखा अंगात घालायचा. बनवणाऱ्यांनी विचार मात्र केलाय बरं का. झाडाला गुंडाळायचा पट्टा वेगळा, दोरी आखूड, बकल आवाज करत नाहीत, ३०० पौंड म्हणजे १३६ किलोपर्यंत चालतो. आणि पडून लटकलात तर पाय टेकवायला पट्टा दिलाय. हे फार महत्त्वाचं, कारण नुसतं लटकून राहिलं की मांडीच्या पट्ट्यांमुळे रक्त पायातच साचतं आणि काही मिनिटांत चक्कर येऊन माणूस बेशुद्ध होऊ शकतो. पण मे महिन्यात मुरबाडला तो जॅकेटवाला प्रकार घालून बसणं म्हणजे शिक्षा आहे, पाच वर्षांनी कंपनीच टाकून द्या म्हणते, आणि एक बकल गेलं तर इथे मिळणार कुठून. मी नागदेवीचाच ठेवला, पाय टेकवायला ट्रेकिंगची टेप स्लिंग, म्हणजे शिवलेल्या पट्ट्याचं कडं, खिशात असते. हुक खणखणायचे आणि पक्षी उडायचे, त्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवली, फक्त हुकाचं तोंड मोकळं ठेवलं.

ट्रेकवाले विचारतील सीट हार्नेस, म्हणजे नुसता कंबर आणि मांड्यांचा, चालेल का. पुढे दोरी आणि पाठीवर बॅग असेल तर पडताना उलटं व्हायचा धोका असतो, मला नको वाटतो. पण तुमचा प्रुसिक, म्हणजे हातानं सरकणारी पण भार आला की दोरीला घट्ट धरणारी गाठ, मात्र इथे कामाचा. पडतात लोक ते बसल्यावर कमी, चढता-उतरताना आणि शिडीवरून मचाणावर पाय टाकताना जास्त. म्हणून वरून खालपर्यंत एक दोरी कायम सोडून ठेवली, तिला प्रुसिक मारायचा, हार्नेस त्याला अडकवायचा, आणि जमिनीवरूनच बांधलेले राहून चढायचं. आमच्या सोसायटीत नारळाच्या झावळ्या तोडायला येणारा माणूस पायाला फासा लावून सहा मजली उंचीला जातो आणि आम्ही खाली चहा पीत उभे, ते आता बघवत नाही.

मुंबईची हवा या वस्तूला वैरी आहे. पहिल्याच पावसाळ्यात स्प्रिंगवर गंज आला, आता साध्या साबणाच्या गार पाण्यात धुऊन सावलीत वाळवतो आणि कापडी पिशवीत ठेवतो, बाल्कनीत नाही.

हार्नेसला पाचपैकी चार, सोबतच्या लांब लॅनयार्डला मचाणासाठी शून्य. दुकानाला साडेतीन, कारण शेठ चोख पण बिल मागितल्याशिवाय देत नाही. मागा, आणि त्यावर बॅच नंबर लिहून घ्या, कुरकुरतो पण लिहितो.