लाकडी दांडा, कार्बनचं पातं: सहा महिन्यांनंतर

हे वल्हं घेतलं ते कोपरासाठी. आउटरिगर कनूत (एका बाजूला तरंगता आधार जोडलेली अरुंद होडी) साधारण 12 ते 15 फटक्यांनी ‘हट’ अशी हाक येते, बाजू बदलायची, पुन्हा तेच; तीन तासांच्या सरावात फटके हजारोंच्या घरात जातात. आधीच्या कार्बन दांड्याचा प्रत्येक दणका थेट हाडात जायचा. लाकूड तो गिळतं. दुसऱ्याच आठवड्यात रात्रीचं ठणकणं थांबलं, आणि मला खरंच रडू आलं.

पात्याला दांड्याशी सुमारे 10 अंशांचा बाक आहे. त्यामुळे जोर लावायच्या क्षणी पातं पाण्यात उभं राहतं, पाणी वर उचलण्यात ताकद वाया जात नाही. मूठ ओल्या हातातही घसरत नाही.

तक्रार एकच, पण मोठी: पात्याच्या कडेजवळचं वॉर्निश चौथ्याच महिन्यात उडालं आणि दांड्याच्या टोकात पाणी शिरून लाकूड काळवंडलं. एवढ्या किमतीत हे चालणार नाही. मी घासून दोन हात स्वतः दिले.

स्टँड-अप पॅडलिंगसाठी, म्हणजे फळीवर उभं राहून वल्हवायला, मात्र हे घेऊ नका. तिथे दांडा डोक्याच्याही वर वीतभर लागतो.

लांब पल्ल्याला पुन्हा हेच घेईन.